पातळ वाटी तडकत का नाही

नुकत्याच तोडलेल्या झाडाचा ठोकळा लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, चढवून वेग वाढवला, की समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर पाण्याची सरळ रेघ उडते. पहिल्यांदा मला वाटलं, ठोकळा पावसात भिजला असेल. पण ते झाडाचंच पाणी होतं. १० सेंटिमीटर व्यासाचा ठोकळा मिनिटाला १,५०० फेरे घेतो, तेव्हा त्याच्या कडेवरचा कण वर्तुळात टिकून राहायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सव्वाशे पट ओढ लागते. लाकडाचे तंतू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून ते टिकतात. त्यांच्या पोकळ नळ्यांमधलं पाणी मात्र सुटून बाहेर पडतं.

अशा ओल्या लाकडातून दोन सेंटिमीटर जाडीची वाटी कातून तशीच ठेवली, तर बहुधा ती वाळताना तडकते. त्याच लाकडाची दोन मिलिमीटर जाडीची वाटी मुरडते, वाकडी होते, पण बहुतेक वेळा अखंड राहते. नाजूक वस्तू आधी फुटेल असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलट घडतं, आणि माझ्या मते लहान, पातळ वाट्यांच्या कातकामाची सगळी गंमत इथेच आहे.

लाकडात पाणी दोन जागी असतं. काही पेशींच्या पोकळीत, मोकळं. काही पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी निघून गेलं तरी लाकडाचा आकार बदलत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत उतरला, की भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून लाकूड आकसतं. जाड वाटीत बाहेरचा थर या टप्प्याखाली आधी येतो. त्याला आकसायचं असतं, पण आतला ओला गाभा हलत नाही. बाहेरचा थर ताणला जातो आणि तंतूंच्या मधून उकलतो. तंतूंची तोंडं जिथे उघडी असतात तिथून पाणी सर्वांत लवकर जातं, म्हणून तडाही बहुधा तिथूनच सुरू होतो.

आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहापट कमी केली, की हा वेळ सुमारे शंभरपट कमी होतो. वाटीच्या दोन मिलिमीटरच्या भिंतीत आत ओलं आणि बाहेर कोरडं अशी स्थिती फार टिकतच नाही. जो काही ताण उरतो, तो ती वाकून सोडून देते.

मात्र भिंत सगळीकडे सारखी पातळ हवी. एकदा मी भिंत दोन मिलिमीटरवर आणली आणि बूड आठावर ठेवलं. म्हटलं, वाटी स्थिर बसेल. सकाळी बुडापासून काठाकडे केसासारखी बारीक चीर गेली होती. भिंत आकसून मोकळी झाली होती आणि बूड अजून ओलं, हटून बसलेलं.

म्हणजे तडा टाळायचा तर पातळपणा हवा. अडचण अशी की पातळ झालेली भिंत पटाशीखाली, म्हणजे कातायच्या धारदार हत्याराखाली, थरथरते. भिंतीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो: सहा मिलिमीटरवरून दोनवर आलं, की तो सत्ताविसावा हिस्सा उरतो. त्यातच एका फेरीत पटाशीला दोनदा तंतूंची आडवी बाजू आणि दोनदा उघडी तोंडं भेटतात. सेकंदाला २५ फेरे, म्हणजे लाकडाचा स्वभाव सेकंदाला शंभर वेळा बदलतो. भिंत जरा दबते, परत उसळते, आणि पृष्ठभागावर नागमोडी पट्टे उमटतात. लेथ किंचाळायला लागतो.

यावर उपाय क्रमाचा आहे. बाहेरचा आकार आधी पूर्ण करायचा. मग आतून काठाकडचे दोन-तीन सेंटिमीटर थेट शेवटच्या जाडीपर्यंत न्यायचे, खाली सगळा जाड गर तसाच ठेवून. तो गर वरच्या भिंतीला आधार देतो. ते झालं की पुढचे दोन सेंटिमीटर. बुडापर्यंत पोचलं की परत काठाकडे जायचं नाही. काठ पातळ झाल्यापासून वाळू लागलेला असतो आणि काही मिनिटांत गोल राहत नाही. पटाशी एका बाजूला हवेत जाते आणि दुसऱ्या बाजूला रुतते. ‘एकच हात फिरवू’ या मोहाने माझ्या कितीतरी वाट्यांचे काठ गेले. पटाशीच्या धारेमागचा उतार लाकडावर नुसता टेकलेला असावा. तो दाबला की भिंत मागे सरते. भिंतीच्या बाहेरून डाव्या हाताची बोटं हलकी लावली तर थरथर बरीच शांत होते.

आता जाडी कळणार कशी? दर वेळी लेथ थांबवून कॅलिपर लावता येतो, पण त्याहून सुंदर साधन म्हणजे वाटीमागे धरलेला दिवा. तीन मिलिमीटरच्या आसपास ओलं, फिकट लाकूड उजळायला लागतं. आधी गडद लालसर, मग नारिंगी, मग मधासारखं पिवळं. जिथे गडद, तिथे जाड. कोरडं लाकूड इतकं उजळत नाही, कारण पेशींच्या पोकळीत हवा असते आणि पेशीच्या भिंतीतून हवेत जाताना प्रकाश जोरात विखुरतो. पोकळीत पाणी असलं की दोन्ही माध्यमांतला फरक कमी होतो आणि प्रकाश पुढे सरकतो. तेलाने तर हा फरक आणखी मिटतो. हवाईमधले कातकाम करणारे रॉन केंट नॉरफोक पाइन या झाडाच्या लाकडाच्या वाट्या पुन्हा पुन्हा तेलात भिजवत आणि घासत. त्या वाट्या उजेडात अंबरासारख्या दिसतात. कातताना मात्र पाण्याचा फवारा मारत राहणं पुरतं, त्याने काठाचं वाळणंही लांबतं.

वाटी लेथवरून उतरवली तेव्हा काठ अगदी गोल होता, १० सेंटिमीटर. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने साधारण आठ टक्के आकसतं, वलयांना छेदून त्याच्या निम्मं, आणि तंतूंच्या लांबीत जवळपास नाहीच. दोन दिवसांनी मोजलं: तंतूंच्या दिशेने १० सेंटिमीटर, आडव्या दिशेने सव्वानऊ. काठावर कुठे चीर आहे का, म्हणून मी बोट फिरवून पाहिलं. नव्हती.