शामारेलची माती आणि सह्याद्रीची चूल

मॉरिशसची एक दिवसाची ठरलेली सहल असते: क्युरपीपजवळचं त्रू-ओ-सेर्फ, गंगा तलाव आणि शेवटी शामारेलची सात रंगांची माती. वाटेत दुतर्फा ऊस दिसतो आणि त्या हिरव्यागार शेतांत मध्येच काळ्या दगडांचे रचलेले ढीग. हे दगड वेचणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेले मराठी मजूरही होते. दगड त्यांच्या ओळखीचाच होता. बेसॉल्ट, आपल्या घाटातला काळा पत्थर.

ओळखीचा म्हणजे अगदी नात्यातला. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारत हिंदी महासागरातल्या एका तप्तबिंदूवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहणाऱ्या जागेवर होता. त्या चुलीतून उतू गेलेला लाव्हा थरावर थर साचला, त्यातूनच सह्याद्री कोरला गेला. पुढे भारत उत्तरेला सरकला, चूल मात्र साधारण जागच्या जागीच राहिली. सरकता सरकता लक्षद्वीप आणि मालदीवचा पाया घातला गेला. मॉरिशस त्याच चुलीवर फार उशिरा, साधारण 80-90 लाख वर्षांपूर्वी वर आलं. आज ती दोनेकशे किलोमीटरवरच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजूनही फुटतो.

त्रू-ओ-सेर्फ हे ज्वालामुखीचं विझलेलं तोंड, आता आत झाडी माजलीय. महाशिवरात्रीला कावडी घेऊन लोक जातात तो गंगा तलावही अशाच एका तोंडात साठलेला.

खरी गंमत शामारेलला. उष्ण, दमट हवेत पाऊस बेसॉल्टमधलं सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू धुऊन नेतो. मागे उरतात न विरघळणारी लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं. लोहाच्या संयुगांनी माती लाल, तपकिरी होते, कुठे जांभळी झाक येते. कोकणातला जांभा याच कुळातला, फक्त तो घट्ट होऊन चिरे काढण्याजोगा झाला आणि शामारेलची माती मऊच राहिली. पोषक क्षार वाहून गेल्याने तिच्यावर गवताचं पातंही धड उगवत नाही. चहूबाजूंना रान आणि मध्ये हे उघडेबोडके, पावसाने घळी पाडलेले उंचवटे! रंग मात्र मला कधी सात मोजता आले नाहीत, चार-पाचावरच गाडी अडते.

मातीवर पाय ठेवू देत नाहीत, कठड्यापासूनच बघायचं. बाहेर दुकानात काचेच्या नळीत थर लावून हीच माती विकायला असते. त्यातला लाल थर रत्नागिरीच्या अंगणातला म्हणून सहज खपेल.