ब्रिटनमधील जलतरण तलावावर जीवरक्षक होण्यासाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रथमोपचाराची परीक्षा

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना जलतरण तलावावर जीवरक्षकाचे अर्धवेळ काम करता येते. त्यासाठी रॉयल लाइफ सेव्हिंग सोसायटी यूके या संस्थेचे ‘नॅशनल पूल लाइफगार्ड क्वालिफिकेशन’, म्हणजेच एनपीएलक्यू, हे प्रमाणपत्र तेथे सर्रास ग्राह्य धरले जाते. समुद्रकिनाऱ्यावरील कामासाठी मात्र वेगळे प्रमाणपत्र लागते.

परीक्षेच्या दिवशी उमेदवाराचे वय किमान १६ वर्षे असावे लागते. प्रशिक्षणापूर्वी ५० मीटर अंतर ६० सेकंदांत पोहणे, १०० मीटर सलग पोटावर व पाठीवर पोहणे, ३० सेकंद हातपाय हलवत एका जागी उभ्याने तरंगणे, बुडी मारून तलावाचा तळ गाठणे आणि शिडीविना काठावर चढणे एवढे जमले पाहिजे. गावाकडे विहिरीत किंवा नदीत शिकलेल्यांचा दम उत्तम असतो, परंतु डोके पाण्याबाहेर ठेवून पोहण्याच्या सवयीमुळे ६० सेकंदांची अट अवघड जाते. म्हणून नाव नोंदवण्याआधी फ्रीस्टाइलचा सराव अवश्य करावा.

जवळचे प्रशिक्षण केंद्र संस्थेच्या संकेतस्थळावर शोधून तेथे नाव नोंदवावे आणि ओळख व वय दाखवण्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवावा. शुल्क केंद्रानुसार बदलते. किमान ३६ तासांच्या प्रशिक्षणानंतर परीक्षा होते, आणि तलावावरील देखरेख, पाण्यातील बचाव व प्रथमोपचार या तिन्ही भागांत उत्तीर्ण व्हावेच लागते.

यातील प्रथमोपचाराचा भाग सर्वांत जास्त मेहनत घेऊन शिकावा, कारण येथे जुन्या सवयी मोडाव्या लागतात. बुडालेल्या माणसाचे पोट दाबून किंवा त्याला उलटे धरून पाणी काढण्याची आपल्याकडची पद्धत घातक आहे. त्यात मोलाचा वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत शिरू शकते. बुडाल्यामुळे हृदय थांबते ते प्राणवायू न मिळाल्याने. म्हणूनच श्वास नसलेल्या व्यक्तीला ब्रिटनमधील पद्धतीनुसार आधी तोंडावाटे पाच श्वास देतात आणि त्यानंतर छातीवर ३० दाब व २ श्वास हे चक्र चालू ठेवतात. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची असते. दरम्यान दुसऱ्याने ९९९ या तेथील आपत्कालीन क्रमांकावर फोन करून एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे, यंत्र आणावे. ते लावण्यापूर्वी छाती कोरडी पुसावी. श्वास चालू असलेल्या बेशुद्ध व्यक्तीला कुशीवर वळवतात, आणि उथळ पाण्यात सूर मारल्यामुळे जखमी झालेल्याच्या मणक्याला धक्का लागू न देता बाहेर काढणेही शिकवले जाते.

नोकरीसाठी सहसा प्रमाणपत्र, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (कर व सामाजिक विम्यासाठीचा वैयक्तिक क्रमांक) आणि काम करण्याचा हक्क दाखवणारा शेअर कोड (सरकारी संकेतस्थळावरून मिळणारा सांकेतिक क्रमांक) द्यावा लागतो. तलावावर लहान मुले असल्यामुळे डीबीएस ही पार्श्वभूमीची तपासणी बहुधा होते, आणि भारतातील पोलीस पडताळणीचा दाखलाही मागितला जाऊ शकतो. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही.

प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते. नूतनीकरणाच्या परीक्षेला बसण्यासाठी त्या काळात किमान २० तासांच्या सरावाची नोंद आवश्यक असल्याने सरावाची प्रत्येक तारीख त्याच दिवशी लिहून घ्यावी.