क्लबचं खातं वेगळं, क्लबच्या ट्रस्टचं खातं वेगळं

रोटरी किंवा लायन्ससारख्या क्लबची सभा नौपाड्यातल्या हॉलमध्ये असो नाहीतर वाशीतल्या हॉटेलात, दाराशी नोंदणीचं टेबल असतं आणि टेबलावर छोट्या स्टँडमध्ये एक क्यूआर कोड. पाहुण्यांनी जेवणाचे पैसे त्यावर भरायचे. मग वक्ता बोलतो. शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून आणावं लागतं ते सांगतो, एका बंधाऱ्याचा खर्च सांगतो. ऐकून एखादा पाहुणा जाता जाता त्याच कोडवर दहा हजार पाठवतो. पुढे आयकराचं विवरणपत्र भरताना तो ८०जीची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी, पावती मागतो आणि ती मिळत नाही. चूक त्याची नसते. कोड क्लबच्या खात्याचा होता, देणगी ट्रस्टच्या खात्यात जायला हवी होती.

गोंधळ व्हायला कारण आहे. ट्रस्टचं नाव बहुधा क्लबच्याच नावापुढे ‘चॅरिटेबल ट्रस्ट’ जोडून ठेवलेलं असतं, पत्ता एक, माणसंही बरीचशी तीच. कायद्याच्या नजरेत मात्र या दोन निराळ्या संस्था आहेत. दोघांचा पॅन वेगळा, बँक खातं वेगळं, कारभाराचं वर्षसुद्धा वेगळं.

क्लब ही सभासदांनी सभासदांसाठी चालवलेली संघटना. वर्गणी, जेवणाचे पैसे, सभेत हसतखेळत वसूल केलेला दंड हे सगळं तिच्या खात्यात येतं आणि हॉलचं भाडं, जेवण, वक्त्याचं स्मृतिचिन्ह, बुलेटिनची छपाई, डिस्ट्रिक्टची (अनेक क्लब मिळून होणाऱ्या वरच्या विभागाची) वर्गणी यांवर जातं. सभासदांनी आपसात गोळा करून आपल्यावरच खर्चलेल्या पैशाला परस्परतेच्या तत्त्वामुळे आयकर लागत नाही. पण तोच पैसा बँकेत मुदत ठेवीत टाकला की व्याज करपात्र होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बेंगळुरू क्लबच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. ‘आपण सेवाभावी आहोत, आपल्याला कर कसला’ असं मानून विवरणपत्रच न भरणारे क्लब इथेच अडकतात.

ट्रस्ट हा सार्वजनिक न्यास. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली त्याची धर्मादाय कार्यालयात नोंद होते. नवी मुंबईतल्या मंडळींनी एक लक्षात ठेवावं: वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात; खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. त्यामुळे ट्रस्टची नोंद कुठल्या जिल्ह्यात आहे हे क्लबच्या नावावरून ठरवू नये, नोंदणी प्रमाणपत्र पाहावं. नोंदणी झाली म्हणजे करसवलत मिळाली असंही नाही. आयकर खात्याकडची नोंदणी आणि ८०जीची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, आणि ती मुदतीची असते. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तरी बोलताना सगळे ८०जीच म्हणतात.

खर्च कुठल्या खात्यातून करायचा हे ठरवताना एकच प्रश्न विचारावा: लाभ कुणाला? पुण्याहून येणाऱ्या वक्त्याचं गाडीभाडं सभासदांच्या सभेसाठी आहे, म्हणून क्लबचं. त्याच वक्त्याने सांगितलेल्या डायलिसिस केंद्राला यंत्र द्यायचं, तर ट्रस्टचं. पदग्रहण सोहळ्याचं जेवण ट्रस्टमधून कधीही देऊ नये, ‘पुढच्या महिन्यात परत करू’ म्हणूनही नाही. लोकांनी रुग्णांसाठी दिलेल्या पैशातून आपली पंगत उठवणं हे हिशेबाच्या आधी विश्वासाला धरून नाही, आणि लेखापरीक्षकालाही ती नोंद अहवालात लिहावी लागते.

आता त्या दहा हजारांचं काय? खजिनदार बहुतेक वेळा क्लबच्या खात्यातून ट्रस्टला तेवढी रक्कम पाठवून मोकळे होतात. त्याने काम होत नाही, कारण मग ट्रस्टच्या वहीत देणगीदार म्हणून क्लबचं नाव लागतं, पाहुण्याचं नाही. सरळ वाट अशी: ज्या खात्यातून पैसे आले त्यालाच क्लबने ते परत करावेत आणि देणगीदाराने नव्याने ट्रस्टला पाठवावेत. हे ३१ मार्चच्या आत व्हावं, नाहीतर सवलत पुढच्या आर्थिक वर्षात जाते.

पैसे योग्य खात्यात आले तरी यूपीआयच्या नोंदीत पॅन नसतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ट्रस्टला देणगीदारांची नावनिशीवार यादी आयकर खात्याला ३१ मेपर्यंत कळवावी लागते आणि तिच्यावरूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं, ज्याला १०बीई म्हणतात. म्हणून देणगीदाराने त्याच दिवशी पॅन कार्डावरचं नाव, पॅन, पत्ता आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक पाठवावा. मे महिन्यात ‘ते दहा हजार कुणाचे’ म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसणं फार महागात पडतं. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर सवलत नाही. वह्या, धान्य, सायकली अशा वस्तू दिल्या तरी नाही. आणि देणगीदाराने नवी करप्रणाली निवडली असेल, तर पावती कितीही पक्की असो, ८०जीचा लाभ मिळत नाही. हे देणगी घेण्याआधी सांगावं.

वर्षाचा फरक सगळ्यात जास्त त्रास देतो. क्लबचा अध्यक्ष १ जुलैला बदलतो, ट्रस्टचे हिशेब ३१ मार्चला बंद होतात. करबचतीसाठी लोक मार्चमध्ये भरभरून देतात आणि नेमकं तेव्हाच मावळत्या अध्यक्षांना वाटतं, बंधारा मेमध्ये बांधू. पण ट्रस्टने साधारणपणे उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच आर्थिक वर्षात खर्चायचे असतात. रक्कम पुढे न्यायची असेल तर ठरलेल्या मुदतीत तसा अर्ज आयकर खात्याकडे भरावा लागतो. क्लबच्या वर्गणीतली शिल्लक पुढे न्यायला असली अट नाही, म्हणून क्लबचा हिशेब सांभाळलेला माणूस ट्रस्टमध्ये आला की इथे हमखास चुकतो.

क्लबची नवी कार्यकारिणी आली म्हणून विश्वस्त आपोआप बदलत नाहीत. न्यासपत्रात तशी तरतूद असली तरी बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. तो राहिला की अनुसूची एकच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं राहतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही. मग यंत्राचा चेक अडकतो.

परदेशातल्या मुलामुलींकडून येणाऱ्या पैशाबद्दलही जपावं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी ठरते आणि ट्रस्टला विदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) परवानगी नसेल तर घेता येत नाही. कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधीही क्लबच्या खात्यात येऊ शकत नाही. त्यासाठी ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी लागते.

टेबलावर दोन स्टँड ठेवावेत, एकावर मोठ्या अक्षरात ‘जेवण व वर्गणी’, दुसऱ्यावर ‘देणगी’ आणि खाली ट्रस्टचं पूर्ण नाव. पैसे पाठवणाऱ्याने पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचावं. मोबाइलवर लांब नाव अर्ध्यावर तुटतं आणि तुटतो तो नेमका ‘ट्रस्ट’ हाच शब्द. शंका आली तर आधी एक रुपया पाठवून खजिनदाराला विचारावं, कुठे जमा झाला.