हिरवळीतील मोलचा उपद्रव

मोल हा टाल्पिडी कुलातील, जवळजवळ सर्व आयुष्य जमिनीखाली घालवणारा लहान सस्तन प्राणी असून, घराभोवती जोपासलेल्या हिरवळीत तो मातीचे ढीग वर टाकतो ही ब्रिटन, युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बागमालकांची जुनी तक्रार आहे. ब्रिटन व युरोपात टाल्पा यूरोपिया ही जाती आढळते, अमेरिकेच्या पूर्व भागात स्कॅलोपस ॲक्वाटिकस. आयर्लंडमध्ये मात्र मोल मुळीच नाही. भारतातील त्याच्या जाती पूर्व हिमालय आणि ईशान्येपुरत्या मर्यादित आहेत. महाराष्ट्रात बागेची माती उकरणारी घूस ही कृंतक, म्हणजे उंदराच्या गणातील आहे. मोल कृंतक नसल्यामुळे घुशीसाठी धान्यात कालवलेले विष त्याच्यापुढे ठेवून काहीही साधत नाही.

त्याचे मुख्य खाद्य गांडुळे. सुमारे १०० ग्रॅम वजनाचा युरोपीय मोल रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास अन्न खातो आणि उरलेल्या गांडुळांच्या डोक्याकडील भागाला चावा घेऊन ती लुळी, पण जिवंत अवस्थेत साठवून ठेवतो. याचा अर्थ ढीग दिसतात तेथील माती बहुधा उत्तम असते, हे मालकाला फारसे सुखावणारे नसले तरी खरे आहे. मोल गवत खात नाही. भुयार खणताना मुळांखालची माती पोकळ होते, गवत पिवळे पडते आणि ढिगांतील खडे कापणीयंत्राच्या पात्यांना लागतात. प्रजननकाळ सोडला तर तो एकटा राहतो, त्यामुळे पंधरा-वीस ढीग पाहून मोलांची टोळी आली असे समजण्याचे कारण नसते. मोलच्या ढिगाला अडखळलेल्या घोड्यावरून पडल्यानंतर १७०२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम मरण पावला, तेव्हा त्याच्या जॅकोबाइट विरोधकांनी, म्हणजे पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्या घराण्याच्या पाठीराख्यांनी, ‘काळ्या मखमलीतील छोट्या सद्गृहस्थाच्या’ म्हणजे मोलच्या नावाने मद्याचे प्याले उंचावले.

घरगुती उपायांची यादी लांबलचक आहे: भुयारात च्युइंगगम, माणसाचे केस किंवा काचा टाकणे, जमिनीत कंप सोडणारी बॅटरीची उपकरणे रोवणे. यांचा भरवसा धरता येत नाही. मोल काही दिवस दुसऱ्या भुयारात गेला की मालकाला उपाय लागू पडल्यासारखे वाटते, इतकेच. एरंडेल तेलाच्या फवारणीचे परिणामही एकसारखे नाहीत. हुमणी मारण्यासाठी हिरवळीवर कीटकनाशक टाकण्याचा सल्ला तर मुळातच चुकीच्या गृहीतावर उभा आहे, कारण गांडुळे शिल्लक असेपर्यंत मोलला जागा सोडण्याची गरज पडत नाही.

खात्रीचा उपाय सापळ्याचाच, आणि त्यातही सापळ्यापेक्षा जागेची निवड महत्त्वाची. सापळा ढिगात न लावता दोन ढिगांमधले कायमचे भुयार सळईने टोचून शोधावे लागते. उथळ भुयाराचा उंचवटा पायाने दाबून ठेवला आणि एक-दोन दिवसांत तो पुन्हा वर आला, तर ते वापरात आहे असे समजतात. कात्रीसारखा किंवा अर्धनळीच्या आकाराचा सापळा त्यात बसवून वरून प्रकाश येणार नाही अशी माती लोटतात. जिवंत पकडणारा सापळा अधिक दयाळू वाटतो. पण अन्नावाचून मोल काही तासांतच दगावू शकतो, म्हणून असा सापळा वारंवार पाहणे शक्य नसेल तर तो लावूच नये.

कायदा मात्र प्रदेशागणिक बदलतो. जर्मनीत मोल संरक्षित असून त्याला मारण्यास मनाई आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००० च्या सार्वमताने शरीर पकडणाऱ्या सापळ्यांवर निर्बंध आले आणि मोलचे सापळेही त्यात सापडले. ब्रिटनमध्ये स्ट्रिक्नीन या विषाचा मोलवरील वापर २००६ मध्ये बंद झाला. ॲल्युमिनियम फॉस्फाइडपासून निघणारा विषारी वायू तेथे केवळ प्रशिक्षित व्यक्तींनाच वापरता येतो.

पकडलेल्या मोलचे रिकामे भुयार शेजारच्या शेतातून किंवा झाडीतून आलेला दुसरा मोल ताब्यात घेतो, विशेषतः उन्हाळ्यात पिल्ले स्वतंत्र होऊन जागा शोधू लागतात तेव्हा. म्हणून नव्याने हिरवळ लावताना गवताच्या थराखाली मजबूत प्लॅस्टिकची जाळी अंथरतात; भुयारे तिच्याखाली चालू राहतात, पण माती वर येत नाही.