हिरकणी कक्ष

हिरकणी कक्ष : तान्ह्या बाळाला अंगावर पाजता यावे किंवा दूध पिळून काढता यावे, यासाठी सार्वजनिक ठिकाणी अथवा कचेरीत राखून ठेवलेली आडोशाची खोली. हे नाव मुख्यतः महाराष्ट्रातले आहे. इतरत्र ‘स्तनपान कक्ष’ असा साधा शब्द चालतो. राज्यातील एसटी स्थानके, सरकारी दवाखाने व शासकीय कचेऱ्या यांतून एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही पाटी दिसू लागली.

‘हिरकणी’ या शब्दाचा मूळ अर्थ हिऱ्याची कणी. हिरकणी गिळून प्राण दिल्याचे उल्लेख जुन्या कथा-आख्यानांत येतात ते याच अर्थाने. कक्षाला मात्र हे नाव रायगडावरील हिरकणीच्या आख्यायिकेवरून मिळाले. गडाच्या पायथ्याशी राहणारी ही गवळण कोजागिरीच्या दिवशी दूध विकायला गडावर गेली. परतायला उशीर झाला, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले आणि पहारेकऱ्यांनी ते उघडण्यास नकार दिला. घरी पाळण्यात तान्हे मूल होते, म्हणून ती रात्री पश्चिमेकडचा कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी दुसऱ्या दिवशी तिला साडीचोळी देऊन गौरविले आणि त्या जागी बुरूज बांधविला, असे सांगतात.

कथेच्या ऐतिहासिकतेविषयी मतभेद आहेत. रायगडावरील राज्याभिषेकाचे (१६७४) वर्णन करणाऱ्या सभासद बखरीत हिरकणीचा उल्लेख नाही. तिच्याविषयीचा मजकूर प्रामुख्याने मौखिक परंपरेतून आणि पुढे शालेय वाचनातून रूढ झालेला दिसतो. काहींच्या मते बुरुजाचे नाव आधीचे व गवळणीचे नंतरचे, म्हणजे ही स्थळनाम उलगडून सांगणारी कथा असावी. उलट कथेतील काही तपशील ठोकळेबाज नाहीत, याकडे लक्ष वेधता येते. कोजागिरीच्या रात्री दुधाला मागणी असते, त्यामुळे गवळणीला त्याच दिवशी उशीर व्हावा हे स्वाभाविक आहे. पौर्णिमा असल्याने कडा उतरण्यापुरता उजेडही होता. बुरुजाबाबत दोन सूर ऐकू येतात. एकात तो बक्षीस आहे, तर दुसऱ्यात जिथून बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकेल म्हणून केलेला बंदोबस्त. गडाच्या संरक्षणाचा विचार करता दुसरा सूर अधिक पटण्याजोगा आहे. व्यक्ती म्हणून हिरकणी होऊन गेली असेल किंवा नसेल. बुरूज मात्र आहे आणि पायथ्याची हिरकणीवाडीही आहे.

नावाचा एक घोळ नोंदविण्याजोगा आहे. एसटीच्या निमआराम गाड्यांनाही, ज्या १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांवरून ‘एशियाड’ म्हणून ओळखल्या जात, पुढे ‘हिरकणी’ हेच नाव मिळाले. त्यामुळे स्थानकावर “हिरकणी कुठे लागते?” असे विचारणाऱ्याला बहुधा फलाट दाखविला जातो.

आडोशाची गरज केवळ संकोचापुरती नाही. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतील पोष ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते. ऑक्सिटोसिनमुळे दुग्धपिंडांभोवतीच्या सूक्ष्म स्नायुपेशी आकुंचन पावून तयार दूध बाहेर येते. यालाच मराठीत ‘पान्हा फुटणे’ म्हणतात. बाळाचे रडणे ऐकूनही पान्हा फुटतो, तर भीती, वेदना किंवा लाज यांनी तो अडखळतो. स्तनात दूध असूनही बाळाला मिळत नाही आणि आईला वाटते की दूध आटले. बाळाला वरचे दूध सुरू करण्यामागे अनेकदा हीच समजूत असते. दूध साचून स्तन दाटले की दुखतात, प्रसंगी दाह होतो. म्हणून ज्यांचे बाळ घरी आहे अशा नोकरदार मातांना कक्षाचा उपयोग मुख्यतः दूध पिळण्यासाठी होतो. असे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास टिकते. विदर्भातल्या उन्हाळ्यात हा हिशेब चालत नाही, तेथे फ्रिज हवा.

कायद्यातील तरतूद कक्षापेक्षा जुनी आहे. मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ ने कामावर परतलेल्या मातेला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन स्तनपान-विराम दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेस पाळणाघर बंधनकारक केले व तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली. शेतात, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर असलेल्या बाईपर्यंत यातले फारसे काही पोचत नाही. तिचा कक्ष म्हणजे झाडाला बांधलेली झोळी आणि पदर. १९९२ च्या बालदुग्धपर्याय कायद्यामुळे डबाबंद दुधाच्या व बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे, आणि कक्षाच्या भिंतीही तिला अपवाद नाहीत. या कायद्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांपैकी बीपीएनआय (ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया) या स्तनपान-प्रसार करणाऱ्या संस्थेची स्थापना १९९१ मध्ये वर्ध्याला झाली. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली मातृदुग्धपेढी आशियातील पहिली मानली जाते. तेथे एका आईचे जादा दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मिळते.

तमिळनाडूने ऑगस्ट २०१५ मध्ये बस स्थानकांवर अशा खोल्या सुरू केल्या. महाराष्ट्रात हा विषय डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा चर्चेत आला. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या होत्या. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्यांनी विधानभवनातील कक्षातल्या धुळीची जाहीर तक्रार केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी अशा सोयी शक्य तितक्या कराव्यात आणि नव्या इमारतींच्या आराखड्यातच त्यांना जागा ठेवावी, असे राज्यांना सांगितले.

कक्षात सहसा एक बाकडे, पंखा, पडदा आणि आतून लागणारी कडी असते. बाहेरून कुलूप आणि किल्ली वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत, ही तक्रार जुनीच आहे. दुसरी अडचण क्वचित कोणी बोलून दाखवते : दार लावले की ध्वनिक्षेपकावरची सूचना नीट ऐकू येत नाही आणि गाडी लागल्याचे कळत नाही. म्हणून पाटी समोर दिसत असूनही पुष्कळ जणी फलाटाकडे पाठ करून बाकाच्या टोकाला बसतात, आणि सोबतची सासू किंवा आई गाडीकडे नजर ठेवून मध्ये उभी राहते.