बेंझिन तेच, पण कायदा आधी विचारतो कुठून आलास

आमच्या मामांची विहीर तालुक्याच्या कचरा डेपोपासून दोन शेतं खाली, उताराला. पावसाळ्यात तिथलं पाणी बादलीत काढून ठेवलं की तासाभरात वर तांबूस साय धरते, आणि मामी म्हणतात म्हशीबी तोंड लावत नाहीत. ती साय म्हणजे लोखंड. कचरा कुजताना खालचा ऑक्सिजन संपतो, मग तिथले जिवाणू आपल्या काळ्या पाषाणातलं आणि मुरमातलं लोखंड पाण्यात विरघळवतात, ते पाणी हवेत आलं की गंज चढल्यासारखं तांबडं होतं. लोखंडाचं एवढं काही नाही, तांबूस पाणी डेपो नसलेल्या ठिकाणीही निघतं, पण डेपोच्या उताराला असं पाणी आलं तर पुढची टेस्ट करायलाच पाहिजे, कारण त्याच वाटेने अमोनिया येतो आणि बॅटऱ्या, रंगाचे डबे डेपोत पडत असतील तर शिसं, कॅडमियमही येऊ शकतं.

आता २४ जुलै २०२५ ला केंद्राने दूषित जागांच्या सफाईचे नियम काढले, म्हणलं चला मामांचं काम झालं. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग आणखी तीन महिन्यांत सविस्तर सर्व्हे, आणि घाण करणारा सापडलाच नाही तर खर्च सरकारने करायचा, सगळं छान आहे. पण वगळलेल्या गोष्टी वाचल्या आणि तिथंच अडकलो. किरणोत्सारी कचरा वगळला, खाणकाम वगळलं, समुद्रातलं तेल वगळलं. मराठवाड्याला समुद्रच नाही त्यामुळे ते राहू द्या. चौथं मात्र आपल्या दारातलं आहे, घनकचऱ्याचा डेपो. कारण काय तर त्याला वेगळे नियम आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळचा (तेव्हाचं औरंगाबाद) नारेगावचा डेपो आठवा, वर्षानुवर्षं अख्ख्या शहराचा कचरा तिथं, फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्याच अडवल्या तेव्हा कुठं चर्चा झाली.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत १९८० ला दूषित जागांच्या सफाईचा सुपरफंड कायदा आला, न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉलच्या वस्तीखाली केमिकलचे ड्रम निघाले त्याच्यानंतर. त्या कायद्याने धोकादायक पदार्थांच्या व्याख्येतूनच कच्चं तेल आणि त्याच्यापासून बनलेलं इंधन बाहेर ठेवलं. म्हणजे पेट्रोल पंपाच्या गळक्या टाकीतून बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधलं विषारी रसायन, विहिरीत उतरलं तर सुपरफंड नाही, आणि तेच बेंझिन केमिकल फॅक्टरीतून आलं तर सुपरफंड. रेणू तोच, कॅन्सरचा धोका तोच, तिथली पिण्याच्या पाण्याची मर्यादाही तीच, लिटरला ०.००५ मिलिग्रॅम. गंमत म्हणजे त्या फंडासाठी तेलावरही टॅक्स लावला होता! जमिनीखालच्या गळक्या टाक्यांसाठी वेगळा फंड निघाला तो १९८६ ला. पण सुपरफंडमधून तेल वगळण्यातही एक फट आहे, वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनातून धातू मिसळले असतील तर ती सूट लागू होत नाही, कारण ते मूळच्या तेलात नव्हते.

आपल्या नियमांतही तशीच फट आहे आणि मला वाटतं डेपोच्या गावांनी तीच धरून बसावं. वगळलेल्या गोष्टीत दुसरा दूषित पदार्थ मिसळला असेल आणि त्याचं प्रमाण नियमात दिलेल्या पातळीच्या वर गेलं असेल, तर ती जागा सफाईच्या नियमात येते. म्हणजे भाजीच्या देठांचा डोंगर बाहेर, पण त्याच डोंगरात कुणी फॅक्टरीचा गाळ रात्री आणून ओतला असेल तर आत.

पण हे दाखवायचं कसं? बेसाल्टमध्ये पाणी वाळूसारखं सरळ झिरपत नाही, भेगांमधून पळतं, त्यामुळे डेपोला लागून असलेला बोअर स्वच्छ आणि लांबची विहीर खराब असं होऊ शकतं. एका बोअरच्या रिपोर्टवर कुणी 'काही नाही' म्हणलं तर ऐकू नका. आणि नुसता टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) बुडवून शिसं दिसत नाही, लॅबला जड धातूंची टेस्ट वेगळी सांगावी लागते, तिचे पैसेही वेगळे.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणले, "बरं, मंग बाटली कोणती आणू, बिसलेरीची चालंल का?" म्हणलं नको, बाटली लॅबवाल्याकडूनच घ्या, धातूंच्या टेस्टसाठी त्यात थोडं ॲसिड घालावं लागतं, नाहीतर शिसं बाटलीलाच चिकटून बसतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो.