आतड्याच्या जोडासाठी जैवसामग्री

आतड्याचा रोगट भाग कापून काढल्यावर उरलेली दोन टोके जोडावी लागतात. हा जोड नीट भरून यावा आणि त्यातून पोटात गळती होऊ नये म्हणून टाके म्हणून किंवा टाक्यांच्या जोडीला वापरल्या जाणाऱ्या, शरीराला मानवणाऱ्या पदार्थांना येथे जैवसामग्री म्हटले आहे.

कल्पना जुनीच आहे. आतड्याला छिद्र पडल्यास त्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्याव्यात आणि धड तोडून मुंडकी तशीच राहू द्यावीत, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. पुढे मेंढ्या-गुरांच्या आतड्यापासून केलेला कॅटगट आला, म्हणजे आतडे आतड्यानेच शिवले जाऊ लागले. सांगली जिल्ह्यातील मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, त्या काळी शल्यचिकित्सकांची भिस्त अशाच धाग्यांवर आणि रेशमावर होती.

जोडाची खरी ताकद आतड्याच्या आतल्या अस्तराखालील, कोलॅजेन या चिवट प्रथिनाने भरलेल्या थरात असते; हे अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हॅलस्टेड यांनी १८८७ मध्ये दाखवले. पहिल्या तीन-चार दिवसांत त्या भागातील विकरे जुने कोलॅजेन विरघळवतात, नवे मात्र अजून पुरेसे तयार झालेले नसते, आणि नेमक्या याच दिवसांत जोडाची सारी मदार टाक्यांवर असते. एन्टेरोकॉकस फीकॅलिससारखे आतड्यातील काही जीवाणूही कोलॅजेन तोडतात. त्यामुळे पदार्थ किती घट्ट चिकटतो एवढेच पाहून भागत नाही. हे नाजूक दिवस निभावून नेऊन तो वेळेवर विरघळतो का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही रक्तातील प्रथिने एकत्र करून केलेला फायब्रिन गोंद रक्त गोठण्याच्या शेवटच्या पायरीची नक्कल करतो. कोलॅजेनची ठिगळे, झिंगे-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान आणि पाणी धरून ठेवणारी हायड्रोजेले हे इतर पर्याय होत. प्राण्यांवरील प्रयोगांत यांपैकी अनेकांचे निष्कर्ष आशादायक आहेत, परंतु माणसांत गळती हमखास कमी होते असे सिद्ध झालेले नाही. जोडाला रक्तपुरवठा अपुरा असेल किंवा टोके ताणून जोडली असतील, तर वरून लावलेला कोणताही गोंद ती उणीव भरून काढू शकत नाही.

घरोघरी जखमेवर दाबली जाणारी हळदीची भुकटी निर्जंतुक नसते, त्यामुळे पोटाच्या आत तिला स्थान नाही. तिच्यातील कुर्कुमिनवर मात्र जखमा भरून येण्याच्या दृष्टीने संशोधन चालते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून हायड्रोजेलात किंवा अतिसूक्ष्म तंतूंत बसवून ते जखमेपर्यंत पोहोचवण्याचे प्रयत्न होत आहेत.